लँडलाइनवर स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो: आयपी फोन आणि पीआरआय यांच्या जोडणीत आवाजाचा दर्जा कसा राखावा?

करवीरकर (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापुरातील एका औषध वितरण संस्थेची संगणक आणि दूरध्वनी यंत्रणा मी पाहतो. मुख्य कार्यालयात आयपी पीबीएक्स (इंटरनेट पद्धतीच्या जाळ्यावर चालणारे कार्यालयीन एक्स्चेंज) आहे आणि बाहेरचे सर्व कॉल एका पीआरआय लाइनवरून (अनेक कॉल एकत्र वाहणाऱ्या डिजिटल लाइनवरून), तिला पीबीएक्सशी जोडणाऱ्या गेटवेमार्फत येतात-जातात. सांगली आणि रत्नागिरी येथील गोदामांमधले आयपी फोन ब्रॉडबँडवरील व्हीपीएनमधून (सुरक्षित खासगी मार्गातून) याच पीबीएक्सला जोडलेले असून तिकडचे कॉल जी.७२९ कोडेकवर (आवाज दाबून लहान करणाऱ्या पद्धतीवर) चालतात. दिवसभर औषध दुकानदार फोनवरून मागणी नोंदवतात. औषधांची नावे एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात आणि बॅच क्रमांकांत इंग्रजी अक्षरे इतकी येतात, की आवाज किंचित जरी बिघडला तरी चुकीचा माल निघण्याचा धोका असतो.

सध्या चार अडचणी आहेत. लँडलाइनवर बोलताना आमच्या कर्मचाऱ्यांना स्वतःचाच आवाज क्षणभराने परत ऐकू येतो; समोरच्या व्यक्तीला मात्र काहीही त्रास होत नाही. गोदामांतून मोबाइलवर केलेल्या कॉलमध्ये आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. बाहेरच्या प्रत्येक कॉलमध्ये दर दोन-तीन सेकंदांनी बारीक ‘टक्’ असा आवाज होतो, आणि एका जुन्या पुरवठादाराचा फॅक्स अर्ध्यावर तुटतो. शिवाय सायंकाळी गोदामांतून बिलांची आणि साठ्याची माहिती मुख्य सर्व्हरवर चढवली जाते, त्या वेळेत तिकडचे बोलणे तुटक होते. कार्यालय आणि गोदामे यांच्यातील अंतर्गत कॉलमध्ये ही सायंकाळची तुटकता सोडली तर कोणतीही तक्रार नाही.

यंत्रणा बसवून देणाऱ्याने गेटवेवरील गेन (आवाजाची पातळी) दोन्ही दिशांनी वाढवण्याचा आणि ब्रॉडबँडचा वेग दुप्पट करण्याचा सल्ला दिला. दोन्ही केले, प्रतिध्वनी उलट वाढला आणि बाकी काहीच बदलले नाही. पीबीएक्सच्या पडद्यावर एमओएस हा दर्जानिदर्शक आकडा मुख्य कार्यालयाच्या कॉलना ४.४ आणि गोदामांच्या कॉलना ४.१ असा दिसतो, म्हणून ‘यंत्रणेत दोष नाही’ असे तो सांगतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तारमार्ग

तुमच्या चारही अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत, आणि पडद्यावरच्या आकड्यात त्यांतली फारच थोडी दिसतात. तो आकडा पॅकेट (जाळ्यावरून जाणारे आवाजाचे तुकडे) किती हरवली, किती उशिरा आली आणि कोडेक कोणता आहे एवढ्यावरून गणिताने काढलेला असतो. गेटवेच्या पलीकडे, तारेच्या बाजूला जे घडते त्याची त्याला गंधवार्ताही नसते. पूर्वीच्या फोनची ३०० ते ३४०० हर्ट्झची मर्यादा गृहीत धरली, तर ४.४ हा जवळपास कमाल आकडा आहे. ज्या कॉलवर माणसे स्वतःच्या प्रतिध्वनीमुळे अडखळत आहेत त्यालाही तुमचा पडदा तो देतो, यातच सर्व आले. मी येथे प्रतिध्वनीविषयीच लिहितो, कारण त्याबाबतचे गैरसमज सर्वाधिक आहेत.

ग्राहकाच्या घरापासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या दोनच तारा असतात आणि जाणारा व येणारा आवाज त्याच जोडीवरून वाहतो. एक्स्चेंजच्या पुढे मात्र दोन्ही दिशांचे मार्ग वेगळे होतात. दोन तारांचे चार करणाऱ्या मंडलाला हायब्रिड म्हणतात. लाइनचा विद्युत अवरोध आणि हायब्रिडचा अवरोध तंतोतंत जुळला तरच आवाज पूर्णपणे पुढे जातो. प्रत्येक घराच्या तारेची लांबी आणि जाडी निराळी असल्यामुळे तो कधीच तसा जुळत नाही, आणि तुमच्या आवाजाचा काही अंश परतीच्या मार्गाला लागतो. म्हणजे तुम्हाला ऐकू येणारा प्रतिध्वनी समोरच्याच्या टोकाला जन्मतो. म्हणूनच त्याला त्रास होत नाही, आणि म्हणूनच आपल्या बाजूचे फोन बदलून उपयोग होत नाही.

हा प्रतिध्वनी इंटरनेटने आणलेला नाही. तो पूर्वीही होता. स्थानिक कॉलमध्ये तो काही मिलिसेकंदांत परत येई आणि बोलताना आपल्याच फोनमध्ये मुद्दाम ऐकवल्या जाणाऱ्या आपल्या आवाजात मिसळून जाई. येऊन-जाऊन साधारण २५ मिलिसेकंदांच्या आतला प्रतिध्वनी कानाला वेगळा जाणवत नाही. लांब पल्ल्याच्या आणि उपग्रहाच्या मार्गांवर तो जाणवू लागला तेव्हा तो दाबण्याचे, आणि पुढे वजा करून टाकण्याचे उपाय शोधले गेले. १९६७ साली बेल प्रयोगशाळेतील मनमोहन सोंधी यांनी स्वतःहून जुळवून घेणाऱ्या प्रतिध्वनी-निवारकावर लिहिलेला शोधनिबंध त्या कामातील मूलभूत मानला जातो. मात्र सार्वजनिक जाळ्यात हे निवारक जेथे विलंब मोठा तेथेच बसवले गेले. गावातल्या गावात केलेल्या कॉलला त्यांची गरजच नव्हती.

आता तुमच्या सांगलीच्या फोनचा हिशोब करा. एका पॅकेटमध्ये २० मिलिसेकंदांचा आवाज भरावा लागतो, जी.७२९ला पुढचा आवाज डोकावून पाहण्यासाठी आणखी ५ लागतात. पॅकेट अनियमित अंतराने येतात म्हणून ती थोपवून धरणारा बफर ४० ते ६० खातो. प्रवासाला १० ते १५ धरा. एका दिशेचा विलंब ८० ते १०० मिलिसेकंदांवर जातो आणि प्रतिध्वनी त्याच्या दुपटीने परत येतो. जो प्रतिध्वनी जुन्या जाळ्यात निरुपद्रवी होता, तोच विलंबामुळे उघडा पडतो. आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) जी.११४ ही शिफारस एका दिशेच्या १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बहुतेक संभाषणांना चालतो असे म्हणते, आणि विक्रेते हा आकडा नेहमी पुढे करतात. पण प्रतिध्वनीचे निवारण झालेले आहे हे त्या आकड्यामागचे गृहीत ते सांगत नाहीत.

उपाय गेटवेतच आहे. गेटवेमधला निवारक तारेकडे तोंड करून बसलेला असतो आणि आपण पाठवलेल्या आवाजाची परत येणारी प्रत ओळखून ती वजा करतो. किती वेळाने परतलेली प्रत तो ओळखू शकेल, हे त्याच्या ‘टेल’वर ठरते. तुमच्या गेटवेत ती १६ मिलिसेकंदांसारखी आखूड ठेवलेली असेल तर जवळच्या लाइनींना ती पुरेल, दूरच्यांना नाही. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे २००० किलोमीटरच्या मार्गावर येण्याजाण्यालाच २० मिलिसेकंद लागतात, आणि एक्स्चेंजमधला वेळ त्यावर. टेल ६४ किंवा १२८ ठेवा. आयपी बाजूचा विलंब या हिशोबात धरायचा नसतो, कारण तो निवारकाच्या मागे राहतो. पलीकडचे एक्स्चेंजही पॅकेटवर चालणारे असेल, किंवा तिकडचा लँडलाइन फोन फायबरच्या डब्याला जोडलेला असेल, तर मात्र प्रतिध्वनी तुमच्या टेलच्याही पलीकडून येऊ शकतो. तो त्यांच्याच डब्याने निवारायचा असतो. आपल्या हाती क्रमांक आणि वेळ नोंदवून सेवा कंपनीकडे तक्रार करणे एवढेच उरते.

आणि वाढवलेला गेन आजच्या आज मूळपदावर, म्हणजे शून्य डेसिबलवर आणा. दोन्ही दिशांना ३-३ डेसिबल वाढवले की प्रतिध्वनी थेट ६ डेसिबलने वाढतो, कारण तो दोन्ही दिशांतून फिरून येतो. जी.१६८ या मानकानुसार बनलेले निवारक परतणारा आवाज मूळ आवाजाहून किमान ६ डेसिबल खाली आहे असे धरून चालतात. ती फटच तुम्ही बुजवून टाकलीत. शिवाय मोठ्या आवाजात लाटेची टोके कापली गेली की परतणारी प्रत मूळ आवाजाशी गणिताने जुळत नाही आणि चांगला निवारकही गोंधळतो. ऐकायला कमी येत असेल तर फोनच्या रिसीव्हरचा आवाज वाढवावा, गेटवेला हात लावू नये.

जुना_एक्स्चेंजवाला

तारमार्ग यांनी प्रतिध्वनीचे सविस्तर लिहिले आहेच. तो ‘टक्’ आवाज आणि तुटणारा फॅक्स ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत, आणि माझ्या मते ते दुखणे क्लॉकचे आहे. एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या कोणालाही हे वर्णन ओळखीचे वाटेल.

पीआरआय लाइन सेकंदाला २.०४८ मेगाबिट या ठरलेल्या तालावर चालते. तिच्यात ३२ कप्पे असतात. त्यांतला एक ताल आणि फ्रेम जुळवण्यासाठी, एक संकेतांसाठी, आणि उरलेल्या ३० मध्ये बोलणे. दर १२५ मायक्रोसेकंदांनी प्रत्येक कप्प्यात आवाजाचा एक नमुना पडतो. दोन्ही टोकांनी एकच ताल पाळला पाहिजे आणि तो एक्स्चेंजने द्यायचा असतो. गेटवे ‘इंटर्नल’ क्लॉकवर ठेवला तर तो स्वतःच्या साध्या स्फटिकाच्या तालावर चालतो. दोन तालांत दशलक्षात ५० एवढाच फरक असला तरी दर अडीच सेकंदांनी एक अख्खी फ्रेम (३२ कप्प्यांची एक फेरी) गळते किंवा दोनदा वाचली जाते; यालाच स्लिप म्हणतात. तुमचे ‘दर दोन-तीन सेकंदांनी’ हे वर्णन या गणिताशी जवळजवळ तंतोतंत जुळते.

बोलण्यात यामुळे एक बारीक टक् ऐकू येते आणि माणूस ते सहन करतो. फॅक्स मात्र लाटेच्या कलेत (फेजमध्ये) माहिती वाहत असल्याने प्रत्येक स्लिपला त्याचे काही ओळींचे नुकसान होते आणि शेवटी तो फोन ठेवून देतो. आयपी बाजूने पाहिले तर एकही पॅकेट हरवलेले नसते.

गेटवेच्या ई-१ पोर्टच्या (पीआरआय जोडलेल्या पोर्टच्या) स्थितीत स्लिपची मोजणी दिसते. ती वाढत असेल तर क्लॉक ‘लाइन’ किंवा ‘नेटवर्क’कडून घेण्याची निवड करा. उद्या दुसऱ्या कंपनीची पीआरआय घेतलीत तरी ताल एकाच लाइनकडून घ्या. दोन्ही कंपन्यांची मूळ घड्याळे जी.८११ मानकाची, म्हणजे दहा हजार कोटी भागांत एकाहून जास्त न चुकणारी असतात. तशा दोन घड्याळांमध्ये स्लिप पडायला वाईटात वाईट परिस्थितीत ७२ दिवस लागतात, त्याची काळजी करू नये.

जाता जाता आणखी एक तपासा. भारतात जी.७११ या टेलिफोनच्या मूळ ६४ किलोबिटच्या कोडेकचा ए-लॉ प्रकार चालतो; अमेरिकेसाठी तयार झालेले गेटवे म्यू-लॉवर बसवलेले येतात. त्यांची सरमिसळ झाली तर शब्द कळतात, पण आवाज खरखरीत आणि फाटका येतो. तुमची तक्रार तशी वाटत नाही, तरी पाहून घ्यावे.

पाकीटबंद

मोबाइलचा माठातला आवाज आणि सायंकाळची तुटकता या दोन गोष्टी माझ्याकडे.

मोबाइलवरचा आवाज आधीच दाबलेला असतो. सामान्य मोबाइल कॉलमध्ये एएमआर कोडेक सेकंदाला १२.२ किलोबिट एवढ्यात आवाज बसवतो. पीआरआयवर येण्यापूर्वी तो उलगडून ६४ किलोबिटच्या जी.७११मध्ये बदलला जातो, आणि तुमचे पीबीएक्स किंवा गेटवे त्याला पुन्हा ८ किलोबिटच्या जी.७२९मध्ये कोंबते. एएमआर आणि जी.७२९ हे दोन्ही कोडेक मानवी स्वरयंत्राचे प्रतिमान बांधून आवाज नव्याने घडवतात. पहिल्याने टाकून दिलेला तपशील दुसऱ्याला मिळत नाही, आणि पहिल्याच्या चुका दुसरा खरा आवाज समजून नीट जपून ठेवतो. आयटीयूच्या ई-मॉडेल या दर्जा मोजण्याच्या गणितात हा ऱ्हास चक्क बेरजेने मोजतात: निर्दोष जोडणीला ९३.२ गुण, त्यातून जी.७२९चे १० वजा, मोबाइलच्या १२.२ किलोबिटचे सुमारे ५ वजा. विलंबाचे आणि हरवलेल्या पॅकेटांचे निराळे. पीबीएक्सला मोबाइलचा टप्पा दिसतच नसल्यामुळे ते फक्त पहिली वजाबाकी करते आणि ४.१ दाखवते.

जी.७२९ वापरण्यामागे एकेकाळी सबळ कारण होते. ६४ किंवा १२८ किलोबिटच्या भाड्याच्या लाइनवर कॉल बसवायचे तर दुसरा मार्गच नव्हता. आज मात्र हिशोब बदलला आहे. २० मिलिसेकंदांच्या एका जी.७२९ पॅकेटमध्ये आवाज २० बाइट असतो आणि त्यावरचे आयपी, यूडीपी व आरटीपीचे शीर्षक ४० बाइटचे, त्यामुळे ८ किलोबिटचा कॉल प्रत्यक्षात २४ किलोबिट घेतो. जी.७११ हेच काम ८० किलोबिटमध्ये करतो. व्हीपीएनचे ओझे दोन्हींवर आणखी चढते. एका गोदामातून एकाच वेळी दहा कॉल चालले तरी फरक अर्ध्या मेगाबिटच्या आसपास राहतो. तेवढ्यासाठी आवाजाचे दहा गुण घालवणे मला तरी पटत नाही. गेटवेपासून गोदामाच्या फोनपर्यंत सलग जी.७११ ए-लॉ ठेवा, म्हणजे मधले रूपांतरही टळेल. पॅकेट हरवल्यास पोकळी भरून काढणारी सोय फोनमध्ये चालू आहे ना, तेवढे पाहा.

या निमित्ताने एक अपेक्षाभंग आधीच करून ठेवतो. कोणीतरी तुम्हाला जी.७२२ किंवा ओपस लावून ‘एचडी’ आवाज घ्या असे सुचवील. गोदाम आणि कार्यालय यांच्यात तो जरूर घ्या, जी.७२२मध्ये ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो आणि फरक लगेच कळतो. पण पीआरआयच्या उंबऱ्यावर सर्व काही पुन्हा ३४०० हर्ट्झला कापले जाते, आणि जे कापले गेले ते पलीकडे कोणताही कोडेक परत आणू शकत नाही. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची ओळख पटवणारी बरीचशी ऊर्जा नेमकी त्या रेषेच्या वर असते. त्यामुळे बॅच क्रमांकातला ‘एफ’ आणि ‘एस’ यांचा घोटाळा उत्तम लँडलाइनवरही होतो. तेथे यंत्रणेकडून चमत्काराची अपेक्षा न ठेवता अक्षर शब्दासह उच्चारून घेण्याची पद्धत कर्मचाऱ्यांना घालून द्यावी.

आता सायंकाळचे. तुम्ही वेग दुप्पट केलात तो बहुधा डाउनलोडचा; अडते आहे ते गोदामातून बाहेर जाणाऱ्या दिशेला. शिवाय सरासरी वेग हा येथे प्रश्नच नाही. मोठी फाइल चढत असताना राउटर किंवा मोडेम आपला बफर काठोकाठ भरतो आणि आवाजाची पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभी राहतात. २ मेगाबिटच्या अपलोडवर २५६ किलोबाइटची रांग तुंबली तर शेवटच्या पॅकेटला बाहेर पडायला एक सेकंदाहून अधिक लागतो. ते पॅकेट हरवत नाही, पण पोहोचेपर्यंत कुणाच्या उपयोगाचे राहत नाही. वेग वाढवला की फाइल तो वाढीव वेगही वापरते आणि रांग तशीच राहते.

फोनमधून निघणाऱ्या आवाजाच्या पॅकेटांवर डीएससीपी ४६ ही प्राधान्याची खूण लावा, आणि व्हीपीएनने ती खूण बाहेरच्या शीर्षकावर उतरवली पाहिजे, हेही पाहा. बऱ्याच ठिकाणी नेमके हेच राहून जाते. नुसती खूण पुरत नाही, कारण इंटरनेट कंपनी तिच्याकडे लक्ष देईलच असे नाही. म्हणून आपल्या राउटरवर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास बांधा. त्यामुळे रांग कंपनीच्या मोडेमऐवजी तुमच्या राउटरमध्ये लागेल, आणि तेथे आवाजाला पुढे काढणे तुमच्या हातात असेल. एवढे झाल्यावर जिटर बफर (पॅकेट थोपवून धरणारा तो बफर) आपोआप आखडेल आणि तारमार्ग यांनी मांडलेल्या विलंबातलेही काही मिलिसेकंद वाचतील.

करवीरकर

सर्वांचे मनापासून आभार. गेटवे खरोखरच इंटर्नल क्लॉकवर होता आणि स्लिपची मोजणी सतत वाढत होती. क्लॉक लाइनकडून घेतल्यापासून टक् आवाज पूर्णपणे थांबला आहे आणि फॅक्सही शेवटपर्यंत येत आहे. गेन शून्यावर आणून टेल १२८ केली. बहुतेक लँडलाइनवरचा प्रतिध्वनी आता कॉलच्या पहिल्या एक-दोन सेकंदांपुरता जाणवतो आणि मग नाहीसा होतो. काही ठरावीक क्रमांकांवर मात्र तो शेवटपर्यंत राहतो. कोडेक आणि राउटरचे बदल रत्नागिरीपासून सुरू करत आहोत.

एक उपप्रश्न आहे. सेवा कंपनी पीआरआय बंद करून सिप ट्रंक (आयपीवरूनच थेट पीबीएक्सला येणारी लाइन) घ्या असे सुचवत आहे. गेटवेच नाहीसा झाला तर या कटकटी मुळातून संपतील का?

तारमार्ग

पहिल्या एक-दोन सेकंदांचे स्वाभाविक आहे. निवारकाला समोरच्या लाइनचा स्वभाव शिकायला तेवढे बोलणे ऐकावे लागते. ठरावीक क्रमांकांची यादी करून ते फायबरवरचे आहेत का, हे आधी पाहा.

सिप ट्रंक घेतल्याने गेटवे नाहीसा होत नाही, तो कंपनीच्या इमारतीत जातो. पलीकडे लँडलाइन आहे तोवर कुठेतरी हायब्रिड आहे, आणि कुठेतरी निवारकही हवाच. फरक एवढाच की त्याची टेल आणि गेन तुमच्या हातून जातात. क्लॉकची चिंता मात्र मिटते, आणि पलीकडेही आयपी असेल तर मधले एक रूपांतर वाचू शकते. मी स्वतः ट्रंकच्या बाजूचा आहे, पण करारात काही गोष्टी लिहून घेतल्याशिवाय सही करू नये: जी.७११ ए-लॉ, २० मिलिसेकंदांची पॅकेट, फॅक्ससाठी टी.३८ (आयपीवरून फॅक्स नेण्याची पद्धत), आणि बटणांचे सूर आवाजात न मिसळता आरएफसी ४७३३ प्रमाणे स्वतंत्र संदेशाने पाठवणे. हे शेवटचे नसेल तर बँकेच्या स्वयंचलित उत्तरयंत्रणेत दाबलेले आकडे कधी दोनदा जातील, कधी जाणारच नाहीत.

जुना_एक्स्चेंजवाला

ट्रंक परवानाधारक कंपनीचीच घ्या, एवढी पुस्ती जोडतो. आपल्याकडे २००२ साली इंटरनेट टेलिफोनी खुली झाली तेव्हा देशातल्या सार्वजनिक फोनशी तिची जोडणी मना होती. ती परवानाधारक सेवा कंपन्यांना २०१८ साली दूरसंचार विभागाने स्पष्टपणे मोकळी करून दिली. त्याआधीपासून आणि अजूनही परदेशातले कॉल बेकायदा सिमबॉक्समधून (अनेक सिमकार्डे बसवलेल्या यंत्रातून) आत सोडणारे स्वस्त मार्ग विकले जातात. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी त्यात आवाज इंटरनेटवरून दाबून येतो, सिमकार्डातून मोबाइलच्या हवेत पुन्हा दाबला जातो आणि मग ग्राहकापर्यंत पोहोचतो, म्हणजे पाकीटबंद यांनी सांगितलेली वजाबाकी तेथे दोनदा होते. दर फारच कमी सांगितला तर कॉल कोणत्या एक्स्चेंजमध्ये उतरतो हे लेखी विचारा. खरी कंपनी ते सांगते.

पाकीटबंद

रत्नागिरीत राउटर बदलताना त्यातील ‘सिप एएलजी’ ही सोय बंद करायला विसरू नका. ती मदतीच्या नावाखाली संदेशांतले पत्ते बदलते आणि एका बाजूचा आवाज गायब होतो. आणि मोजणी घ्याल ती भर सायंकाळी, फाइल चढत असतानाच घ्या. सकाळी दहाला सगळ्याच लाइनी उत्तम असतात.